किती वाजताची माणसं?

ऑफिसात सगळे त्यांना फुटपट्टी काकू म्हणत, अर्थात पाठीमागे. लग्न न करताच त्या काकू झाल्या होत्या, आणि फुटपट्टी झाल्या त्या स्वभावामुळे. स्वतः वाकायचं नाही आणि दुसऱ्याने वाकडी रेघ मारली की गप्प बसायचं नाही, असा सगळा मामला. हे नाव त्यांच्या कानावर केव्हाच आलं होतं. खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही, पण तसं कबूल करायला त्या काय वेड्या होत्या?

काम म्हणजे मॉडेल करणं. आर्किटेक्ट लोक कागदावर जी वसाहत काढतात ती पुठ्ठा आणि लाकूड कापून टेबलावर उभी करायची. शंभरास एक, म्हणजे जमिनीवरचा एक मीटर टेबलावर एक सेंटिमीटर. काकूंचा बाप सुतार होता, खिडक्यांच्या चौकटी करायचा. मुलगा नाही म्हणून हळहळत बसण्यापेक्षा त्याने धाकट्या पोरीच्या हातात करवत दिली, एवढी अक्कल त्या माणसाला होती. अठ्ठाविसाव्या वर्षी काकू या ऑफिसात आल्या त्या मोडकी टेबलं दुरुस्त करायला, आणि मोठ्या साहेबांनी त्यांचा हात बघून त्यांना परत जाऊच दिलं नाही. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. मोठे साहेब घरी बसले, ऑफिस त्यांची मुलगी चालवते. तिला सगळे ताई म्हणतात. काकूही म्हणतात, वयाने ती सोळा वर्षांनी लहान असली तरी.

मॉडेलवर माणसं सगळ्यात शेवटी लावतात. दीड सेंटिमीटरची, पांढरी, ना नाक ना डोळे. पायाला गोंदाचा ठिपका लावायचा आणि चिमट्याने उभी करायची. कुठे उभी करायची याचा ऑफिसातला नियम एकच, जिथे नकाशा रिकामा दिसतो तिथे. चौक भकास वाटतोय? पन्नास माणसं लावा. बाग ओकीबोकी दिसते? दोन बायका, एक म्हातारा आणि एक कुत्रा. बघणाऱ्यांची कळी खुलायची आणि मंजुरी मिळायची. चोवीस वर्षं काकूंनी हा नियम मुकाट पाळला, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी एक गंमत झाली. गंमत कसली, डोळ्यांत झणझणीत अंजनच पडलं. ऑफिसने बांधलेल्या एका मोठ्या वसाहतीचे फोटो मासिकात छापून यायचे होते. फोटोग्राफर आला, कॅमेरा लावला, आणि चौकात चिटपाखरू नाही. संध्याकाळी सहाचा सुमार, लोक घरी आलेले, तरी चौक ओस. फोटोग्राफर म्हणाला, माणसं हवीत. मग काय, ऑफिसच्या चौदा जणांना, काकूंसकट, चौकात इकडून तिकडे फिरायला लावलं. काकूंच्या हातात कोणाची तरी भाजीची पिशवी दिली. मासिकात तो फोटो पानभर आला आणि खाली लिहिलं होतं, ‘रहिवाशांनी गजबजलेला चौक’. काकू इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

मग हसू आपोआप थांबलं. कारण त्या दिवशी पिशवी हलवत फिरताना त्यांनी खरे रहिवासी कुठे आहेत तेही बघितलं होतं. ते होते इमारतीच्या मागे, पंपाच्या खोलीशेजारी, गाड्या उतरतात त्या उतारावर, खुर्च्या आणि उलटे डबे टाकून बसलेले. तिथे सावली होती आणि येणारा-जाणारा दिसत होता. पोरं गाड्यांच्या चाकांशी खेळत होती. त्या वसाहतीचं मॉडेल काकूंनीच केलं होतं, आणि त्या उतारावर त्यांनी एकही माणूस लावला नव्हता.

आणि आता ऑफिसात काम आलं ते काकूंच्या स्वतःच्या वसाहतीचं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेली बैठी घरं, बारा रांगा, एका रांगेत सव्वीस, एकूण तीनशे बारा. छपरं गळतात, न्हाणीघरं बाहेर. पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा काकूंनाही आनंदच झाला होता. पण एक गोष्ट त्या वसाहतीत सोन्यासारखी होती. दोन-दोन रांगा पाठीला पाठ करून उभ्या, आणि मधून अडीच मीटरची मागची गल्ली. पुढचं दार पोस्टमनसाठी आणि पाहुण्यांसाठी. बाकी भांडी घासणं, भांडणं, अभ्यास, गप्पा, केस विंचरणं, सगळं मागच्या दारी.

त्या गल्लीतून आक्का चालायची. आक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. दोघी एकाच घरात राहायच्या, दोघीही बिनलग्नाच्या, आणि दोघींनाही त्याचं काही सुतक नव्हतं. आक्काची नजर तिशी ओलांडता ओलांडता गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. पहिलं वर्षभर ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होती, जेवायलासुद्धा उठवावं लागायचं. मग एक दिवस कोण जाणे काय डोक्यात आलं, ती उठली आणि वेताच्या खुर्च्या विणायला शिकली. आज वसाहतीत घर नाही जिथे तिच्या हातची खुर्ची नाही. विणून झालेली खुर्ची उजव्या खांद्यावर अडकवायची, डावा हात भिंतीवर ठेवायचा, आणि गल्लीतून एकटीने जाऊन पोचवायची. काठी नाही, सोबत नाही. हाताखालून दरवाजे सरकतात तसं तिला कळतं कोणाचं घर आलं. त्या भिंतीला कोणी सायकल टेकवत नाही, बादली ठेवत नाही. एखाद्या नव्या भाडेकरूने ठेवलीच तर आक्का त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, तोही दार वाजवून, त्याला बाहेर बोलावून.

काकूंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. गल्ली गेली की आक्का पुन्हा त्या खाटेवर जाणार.

म्हणून नकाशा हातात आला तेव्हा त्यांनी आधी गल्ली शोधली. नव्हती! अकरा मजल्यांच्या चार इमारती, मधे ऐसपैस चौक, खाली गाड्या, त्यांचा उतार मागून. उताराशेजारी पंपाची खोली, कचऱ्याची खोली आणि त्यांच्यामधून दीड मीटरची एक बोळकांडी. काकूंनी मोजणीचा जुना कागद काढून बघितला. सहाही गल्ल्यांवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वापर नाही’.

त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मोजणीवाले आले कधी होते? चौकशी केली तर कळलं, बुधवारी सकाळी अकरा वाजता. हात्तिच्या! अकरा वाजता वसाहतीत असतं कोण? मोठी माणसं कामावर, पोरं शाळेत, आणि आक्का घरात बसून वेत भिजवत असते. ऑफिसच्या तीन पोरांनी टेप धरली, कोणाच्या तरी नळाचं पाणी प्यायलं, ‘वापर नाही’ लिहिलं आणि निघून गेली. त्या दोन शब्दांवर अकरा मजले उभे राहिले.

काकू नकाशा घेऊन ताईंच्या खोलीत गेल्या. ताई काही दुष्ट नव्हत्या, उगाच कोणाच्या नावाने खडे फोडू नयेत. रात्रंदिवस राबणारी बाई, आणि गरिबाला धड घर मिळावं असं तिला मनापासून वाटायचं.

“काकू, न्हाणीघर घरात येतंय, छप्पर गळणार नाही, लिफ्ट आहे. अजून काय द्यायचं राहिलं?”

“न्हाणीघर मलाही हवंय हो. पण गल्ली कुठाय?”

“गल्लीच्या बदल्यात चौक देतोय की! चौपट मोठा.”

“चौकात कोण जातं ताई? आपण गेलो होतो, पिशव्या घेऊन.”

ताईंच्या कपाळावर आठी पडली. “शनिवारी सभा आहे. गृहनिर्माण खात्याचे साहेब येणार, लोक मॉडेल बघणार आणि सह्या करणार. शंभरातल्या सत्तर घरांनी सही केली की काम सुरू. आता नकाशा हलणार नाही. तुम्ही मॉडेल तेवढं वेळेत द्या.”

काकूंनी दिलं. नकाशात आहे ते करायचं, हा धंद्याचा नियम त्यांनी मोडला नाही. चारही इमारती, खिडक्या, लिफ्टचे खांब, इवलीशी झाडं, सगळं अचूक. शुक्रवारी दुपारी ताई बघायला आल्या आणि खूश झाल्या.

“वा! आता माणसं तेवढी लावा. चौक अगदीच रिकामा दिसतोय. दीडशे तरी हवीत.”

“किती वाजताची?” काकूंनी विचारलं.

“काय?”

“माणसं. किती वाजताची लावू? सकाळी अकराची लावायची तर एकही नाही. संध्याकाळी सहाची लावायची तर ती इथे नसतील, इथे असतील.” आणि त्यांनी चिमट्याच्या टोकाने मागची बोळकांडी दाखवली.

ताईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “काकू, मॉडेलवरची माणसं ही शोभेला असतात.”

“इतकी वर्षं मीही तेच समजत होते. यात माझी बहीण आहे. तिला मी शोभेला उभं नाही करायची.”

“मी सांगतेय, चौकात लावा.”

“नाही लावणार.”

आता बॉसला सगळ्यांच्या देखत असं तोंडावर ‘नाही’ म्हटलं की काय होतं ते काय सांगायला हवं? ताईंनी स्वतः चिमटा उचलला, दात-ओठ खात दीडशे माणसं चौकात चिकटवली, निम्मी तिरकी, आणि म्हणाल्या, “एवढंच असेल तर सोमवारपासून येऊ नका.” काकूंनी डबा उचलला, कटर पिशवीत टाकला आणि पाचच्या ठोक्याला बाहेर पडल्या. चोपन्नाव्या वर्षी मॉडेल करणाऱ्या बाईला दुसरं कोण ठेवून घेणार?

घरी आल्या तर आक्का मागच्या दारात बसून वेत ओढत होती. काकूंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आक्का हात न थांबवता ऐकत होती.

“म्हणजे मी काय करायचं? नवव्या मजल्यावर बसून लिफ्टची घंटा ऐकायची?”

“मी असेन ना सोबत.”

“तू कशाला? तू काय माझी काठी आहेस?” आक्का भडकली. “तीस वर्षं मी कोणाचा हात धरला नाही, आता म्हातारपणी धरू? त्यापेक्षा मला दाखव तरी काय केलंयस ते. कागद मला वाचता येत नाही. मॉडेल तर हाताने बघता येईल!”

काकू बघतच राहिल्या. घरात एक बाई बोटांनी बघते, ऑफिसात आपण बोटांनी बघता येईल अशी वस्तू करतो, आणि सव्वीस वर्षांत आपल्याला हे सुचू नये? त्यांनी स्वतःला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.

शनिवारी सभा दहाला होती. काकू नऊलाच सभागृहात हजर. मॉडेल टेबलावर येऊन पडलं होतं, कापड टाकलेलं. रखवालदार ओळखीचा, त्याला वाटलं ऑफिसचंच काही राहिलंय. काकूंनी चिमट्याने चौकातली दीडशेच्या दीडशे माणसं खुडून काढली, पायाचा गोंद नखाने साफ केला, आणि घरून कापून आणलेली आणखी एकशे बासष्ट त्यांत मिसळली. घर तिथे माणूस, तीनशे बारा. सगळी एका ताटात ओतून ताट मॉडेलशेजारी ठेवलं.

ताई आल्या, कापड उचललं आणि पांढऱ्याफटक पडल्या. पण तोवर सभागृह भरलं होतं आणि खात्याचे साहेब पुढच्या खुर्चीत घड्याळ बघत होते. चारचौघांत तमाशा कोण करणार? ताईंनी गिळलं आणि वसाहतीची माहिती दिली, चांगली दिली. न्हाणीघराला टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या काकूंनी वाजवल्या.

मग साहेब म्हणाले, “काही शंका नसतील तर सह्यांना सुरुवात करू.”

“शंका नाही, एक काम आहे,” काकू उभ्या राहिल्या. “ताटात प्रत्येक घराचं एक माणूस ठेवलंय. संध्याकाळी सहाला तुम्ही जिथे असाल तिथे स्वतःला ठेवा. मग खुशाल सही करा.”

“हा काय पोरखेळ आहे?” साहेब वैतागले. “तुम्ही कोण? ऑफिसच्या की रहिवासी?”

“काल पाचपर्यंत दोन्ही होते.”

लोक हसले, आणि हसले तिथेच काम झालं. शिंपी सगळ्यांत आधी उठला. माणूस बोटांत धरून टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग ओशाळून म्हणाला, “माझं मशीन दारात असतं. इथे दारच नवव्या मजल्यावर. गिऱ्हाईक काय शिडी लावून येणार?” त्याने स्वतःला मागच्या उतारावर ठेवलं, त्यातल्या त्यात जाता-येता लोक दिसतील म्हणून. प्लंबर म्हणाला, “मी पंपापाशीच सापडेन, तो बिघडणार याची माझी खात्री आहे.” निवृत्त मास्तरांनी आपलं माणूस मोठ्या ऐटीत चौकाच्या मधोमध ठेवलं, क्षणभर बघितलं, म्हणाले, “उन्हात काय करतोय मी इथे?” आणि उचलून मागे नेलं. बायका तर सरळ मागेच गेल्या. दीड मीटरच्या बोळकांडीत माणसं मावेनात. ती पंपाच्या खोलीला टेकली, कचऱ्याच्या दारात दाटली, गाड्यांच्या उतारावर सांडली. चौकात शेवटी तिघं उरली, आणि तीही कुठे ठेवायचं ते न सुचल्यामुळे.

टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकवून ताई नुसत्या उताराकडे बघत होत्या.

“बाजूला व्हा जरा,” मागून आवाज आला. ताटातलं एक माणूस मुठीत धरून आक्का रांगेतून पुढे आली. काकूंनी हात पुढे केला तो तिने झटकला. टेबल चाचपलं, आणि मग तिची बोटं मॉडेलवर चालायला लागली. इमारतीच्या भिंती, खिडक्यांच्या खाचा, झाडं. सगळं सावकाश. बोटं चौकात आली आणि भांबावली. इकडे गेली, तिकडे गेली, काही लागेना.

“माझी गल्ली कुठे आहे?”

“आजी, त्या जागी मोठा चौक केलाय,” साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “मोकळा, हवेशीर.”

“मोकळा आहे ते कळलं. मी कशाला धरून चालू?”

आक्काने हातातलं माणूस टेबलावर न ठेवता त्यांच्या पुढ्यात धरलं. “हे घ्या. मला ठेवायला यात जागा नाही. आणि सही मी करणार नाही, अंगठासुद्धा देणार नाही. काय करायचं ते करा.”

“अहो, पण एका माणसासाठी तीनशे घरांचा नकाशा बदलायचा?”

“एक?” काकूंचा आवाज चढला. “मोजा ना साहेब! तुमच्या उतारावर, गाडीच्या वाटेत दोनशेच्या वर माणसं उभी आहेत. त्यात पोरं धरलेली नाहीत. आमची गल्ली रिकामी आहे असं लिहून घेतलंत, आम्ही कामावर गेलो असताना. आम्ही घरी नव्हतो म्हणून आम्ही नव्हतोच की काय?”

सह्यांचा कागद टेबलाच्या टोकाला पडून होता. साहेबांनी पेन पुढे केलं. कोणी उठेना. शेवटी ताईंनीच तो कागद उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

“आज सह्या नकोत,” त्या म्हणाल्या. “नकाशा मी परत घेतेय.”

साहेब ताडकन उठले. एक महिना, वर एक दिवस नाही, नाहीतर काम दुसऱ्या ऑफिसला, असं बजावून तरातरा निघून गेले. मॉडेल टेम्पोत चढलं. ताईंनी काकूंकडे वळूनही बघितलं नाही. काकूंनीही मान वाकवली नाही. घरी येऊन मात्र त्या बराच वेळ नळाखाली हात धरून उभ्या होत्या.

सोमवारी काकू ऑफिसला गेल्या नाहीत. येऊ नका म्हटल्यावर जायचं कशाला? दिवसभर घरातली न बिघडलेली कपाटं दुरुस्त केली. संध्याकाळी गल्ली भरली. चुली नाहीत पण स्टोव्ह पेटले, पोरं पाट्यांवर गणितं करायला बसली, शिंप्याचं मशीन खडखडायला लागलं. आणि गल्लीच्या तोंडाशी एकदम आवाज कमी झाला म्हणून काकूंनी डोकं बाहेर काढलं, तर ताई. एकट्या. हातात मोजायची टेप.

“मला सोमवारपासून येऊ नका म्हणाला होतात,” काकू दारातूनच म्हणाल्या.

“म्हणून मीच आले.” ताई अवघडून उभ्या होत्या, दोन घागरींच्या मधे. “तेव्हा मी तसं बोलायला नको होतं. टेपचं दुसरं टोक धराल का? एकटीने होत नाही.”

काकूंनी हात पदराला पुसून टेपचं टोक धरलं. “रुंदी मोजायची की लांबी?”

“सगळंच. कोण कुठे बसतं, तेही लिहायचंय.”

“कोण आहे गं?” आक्का खुर्ची खांद्यावर अडकवून दारातून बाहेर येत होती. पलीकडच्या टोकाला पोचवायची होती.

“ताई आल्यात. गल्ली मोजायला.”

आक्का थांबली. आवाजाच्या दिशेने तोंड वळवून तिने ताईंना नीट ऐकून घेतलं, श्वाससुद्धा. मग डावा हात भिंतीवर ठेवला.

“डोळे उघडे ठेवून मोजणार असशील तर आमच्याकडे चहा पी आणि परत जा. तसं एकदा मोजून झालंय. मिटून मोजणार असशील तर चल माझ्या मागून.”

ताईंनी टेप काकूंच्या हातात दिली, डावा हात भिंतीला लावला आणि डोळे मिटले.